नऊ आगाऊ सह्या

शपथ घेऊन सांगते. माझ्या गळ्याची शपथ, तुमच्या गळ्याची शपथ, आमच्या चाळीच्या नळाला सकाळी सहाला येणाऱ्या पाण्याची शपथ. यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी आजवर थापा मारल्या असतील, नाही म्हणत नाही. सुरगाण्याच्या जीपमध्ये वाघ पुढच्या सीटवर बसून आला, हे मीच पसरवलं होतं. पण हे तसलं नाही. हे रोहिणीचं आहे, आणि रोहिणी खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली, तेही सांगेन.

रोहिणी भालेराव. देवळाली कॅम्पात लॅम रोडला तिचं टायपिंगचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दाराशी ‘सुट्टे पैसे द्यावेत’ अशी पाटी. जवानांच्या बायका भाडेकरार करायला येतात, शाळेचे अर्ज भरायला येतात. लग्नपत्रिका तर तिच्याचकडे. तिच्या नजरेखालून गेलेल्या पत्रिकेत कुठल्या मामाचं नाव आजवर चुकलेलं नाही. वय छप्पन्न. नवरा केव्हाच निघून गेला. त्यामुळे ती आणि तिचे वडील, कारभारीदादा, असे दोघेच आमच्या चाळीत राहतात. राहत होते म्हणा.

आमच्याकडे दिवसभर तोफांचा सराव चालतो. धाड, धाड. भिंतीवरच्या पाली हलत नाहीत, माणसं कशाला हलतील? उलट तोफा थांबल्या की आम्ही वर बघतो.

तर गेल्या वर्षी नोव्हेंबर संपताना दुकानासमोर एक मोठी गाडी थांबली. गंगापूर रोडला राहणारे विंग कमांडर ओढेकर उतरले. रिटायर्ड, पण चालणं अजून परेडचं. मागून ड्रायव्हर पत्र्याची ट्रंक घेऊन आला. साहेबांची एक हवाई स्क्वाड्रन होती. तिचा नंबर विचारू नका, ती आता बंद झाली आहे. एकाहत्तरच्या लढाईत तिने मोठी कामगिरी केली होती. सोळा डिसेंबरला तिचे जुने अधिकारी नाशकात जमणार होते, आणि त्या दिवशी तिच्या युद्धकाळाचा इतिहास पुस्तक करून वाटायचा होता. मजकूर साहेबांनी हाताने लिहिलेला. टाइप करायचा, प्रुफं तपासायची, तारखा आणि आकडे ट्रंकेतल्या जुन्या कागदांशी ताडून बघायचे. एवढं काम.

रोहिणीने हो म्हटलं. दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘रोहिणी टायपिंग’ आहे, त्यामुळे आडनाव साहेबांना कळलं नाही. तिनेही सांगितलं नाही. कारण ती स्क्वाड्रन कोणती, हे पहिल्या पानावरच तिला समजलं होतं.

कारभारीदादा त्याच स्क्वाड्रनमध्ये कॉर्पोरल होते. विमानांचे फिटर. लढाई संपल्यावर दोन महिन्यांत त्यांना फीत काढून घरी पाठवलं, पेन्शनीवाचून. का, ते त्यांनी बायकोलाही धड सांगितलं नाही. कॅम्पात येऊन सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि चाळीस वर्षं पंक्चरी काढल्या.

आणि सही सोडली. मॅट्रिक झालेला माणूस, इंग्रजी पेपर घडघडा वाचणारा, पण कागद पुढे आला की अंगठा पुढे करायचा. बँकेत अंगठा, रेशनला अंगठा. रोहिणीच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीच्या जागी दर सहामाहीला जांभळा अंगठा. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, हिचा बाप आडाणी. ज्या घराने शिक्षणासाठी गाव सोडलं, त्या घरातली ही पोर. घरी येऊन ती रडायची, आई भांडायची, आणि दादा सायकलची चेन पुसत बसायचे.

ट्रंक आली त्या संध्याकाळी रोहिणीने घरी सांगितलं. दादा ऐंशीचे, डोळ्यांत मोतीबिंदू, दारात खुर्ची टाकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझं नाव हाय का त्यात?”

तिने सांगितलं, अजून सगळं वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ज्या माणसाने पन्नास वर्षांत स्वतःसाठी नवी चप्पलसुद्धा मागितली नव्हती, तो रोज संध्याकाळी हे एक विचारायला लागला. तेव्हा रोहिणीने ठरवलं, काही झालं तरी या पुस्तकात बापाचं नाव घालायचं. नीट, मानाने. तो आहे तोवर.

हस्तलिखितात नाव नव्हतं. तेरा दिवसांत एकशे शहाण्णव उड्डाणं, दोन पूल, एक मालगाडी, अकरा रणगाडे. कोणत्या साहेबाने कोणता पूल पाडला, मेसमध्ये नाताळाला काय शिजलं, सगळं होतं. ज्यांनी विमानं पुसली, भरली, ढकलली, त्यांच्यासाठी एक ओळ होती: ‘आणि इतर कर्मचारी.’ आठ डिसेंबरचं प्रकरण अर्धंच लिहिलेलं. फ्लाइंग ऑफिसर जाल घासवाला तीन वाजून चाळीस मिनिटांनी एकटेच उडाले, ते परत आले नाहीत. पुढची जागा मोकळी आणि पेन्सिलीने लिहिलेलं, ‘विचार करून घालणे.’

दोन डिसेंबरला ट्रंकेच्या तळाशी तिला एक लांबोडकी वही सापडली. हिरव्या कापडाची बांधणी. प्रत्येक विमानाची अशी एक वही असते. फिटर विमान तपासतो आणि पानाच्या तळाशी सही करतो. वैमानिक ती सही बघतो, जायची वेळ लिहितो आणि चढतो. आल्यावर यायची वेळ लिहितो, आणि काही बिघाड जाणवला असेल तर शेऱ्यात टाकतो. फिटर तो काढतो, पुन्हा तपासतो, नव्या पानावर सही करतो. सही नसेल तर विमान जागचं हलत नाही.

आठ डिसेंबरचं पान तिने उघडलं. जायची वेळ तीन चाळीस. यायची वेळ कोरी. आणि तळाशी सही, वळणदार, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. के. भालेराव.

छप्पन्न वर्षांच्या बाईने बापाची सही पहिल्यांदा पाहिली. तिने त्यावरून बोट फिरवलं. मग पान उलटलं.

पुढचं पान वर पूर्ण कोरं होतं. तारीख नाही, वेळ नाही, काही नाही. पण तळाशी सही होती. त्याच्या पुढचंही तसंच. तिने मोजली. अशी आठ पानं. तिने मोबाइलवर एकेकाचा फोटो काढून ठेवला, टाइप करताना लागेल म्हणून. ही सवय तिची चांगली, म्हणूनच पुढचं मी सांगू शकते.

त्या संध्याकाळी तिने दादांना विचारलं, आणि त्यांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. लढाईत विमान उतरलं की वीस मिनिटांत पुन्हा वर जायचं. आठवडाभर झोप नाही, थंडीने बोटं वाकेनात. पेन धरायला हातमोजे काढायचे, तर कातडं लोखंडाला चिकटायचं. ओढेकर साहेब तेव्हा पंचविशीतले, त्यांचेच टेक्निकल अधिकारी. ते म्हणाले, कारभारी, पुढच्या पानांवर सह्या मारून ठेव, वेळ वाचेल. सगळेच मारायचे. दादांनी नऊ मारल्या. आठ तारखेला दुपारी साहेबांची सायकल पंक्चर झाली, आणि साहेबांनी दादांना ती काढायला शेडमागे पाठवलं. तेवढ्यात हुकूम आला. जाल साहेबांनी वहीत सही बघितली आणि गेले.

“मी पंक्चर काढत व्हतो, रोहे,” दादा म्हणाले. “डोक्यावरून गेलं ते. आवाजावरून वळखलं, आपलंच हाय.”

चौकशीत ओढेकर साहेबांनी सांगितलं, आगाऊ सह्यांचं मला काही माहीत नाही, आणि हा माणूस जागेवर नव्हता. सायकलचं कुणी विचारलं नाही, दादांनीही सांगितलं नाही. सही त्यांची होती.

आठ डिसेंबरला रोहिणी ते प्रकरण टाइप करायला बसली. दुपारचे चार वाजले असतील. तिने वही उघडली, आणि पहिल्या कोऱ्या पानाच्या वरच्या भागात निळी शाई दिसली. तारीख आठ डिसेंबर. जायची वेळ तीन चाळीस. यायची वेळ कोरी. शेऱ्यात इंग्रजीत एक ओळ. तिचा अर्थ असा, की डोक्यावरच्या काचेला आतून धुकं धरतंय.

तिला वाटलं, आपण त्या दिवशी नीट बघितलं नाही. मोबाइल काढला. फोटोत पान कोरं होतं. तिने फोटो बोटांनी मोठा केला, कागदाच्या कोपऱ्यावरचा डाग जुळवून पाहिला. तेच पान.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वही लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवली. साडेतीनला काढली, टेबलावर उघडली आणि समोर बसून राहिली. तीन अडतीस झाले. एका हवालदाराची बायको आली, पोराच्या दाखल्याची झेरॉक्स पाहिजे म्हणाली. रोहिणीने यंत्राचं बटण दाबलं, कागद तिच्या हातात दिला, सुट्टे घेतले. वळली तर दुसरं पान भरलेलं. शाईवर बोट ठेवलं तर बोट निळं झालं. शेरा होता: काचेवर धुकं तसंच. खाली जमीन दिसत नाही.

तिने दादांना वाचून दाखवलं. अक्षर कसं आहे, त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, तिरकं, उतरत गेलेलं, मांडीवर ठेवून लिहिल्यासारखं. दादांनी डोळे मिटले.

“काचेच्या कडेचं रबर फाटलंय,” ते म्हणाले. “सकाळीच बघितलं व्हतं मी. दुपारी बदलणार व्हतो.”

ही गोष्ट त्यांनी चौकशीतही सांगितली नव्हती.

दहा तारखेला रोहिणी वही पिशवीत घालून बसने गंगापूर रोडला गेली. साहेबांचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, बैठकीत काचेच्या पेटीत विमानाचं छोटं मॉडेल. तिने आधी आपण कोण ते सांगितलं. साहेब हसले. कारभारीची मुलगी, वा, छान शिकवलं म्हणायचं त्याने. मग तिने वही उघडून समोर ठेवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन्ही पानं वाचली.

“कोणाचं अक्षर आहे, साहेब?”

“ओळखत नाही,” साहेब म्हणाले. “कोणीतरी थट्टा केली आहे.”

पण त्यांनी वहीला परत हात लावला नाही. हातातलं वर्तमानपत्र घडी करून त्याच्या कडेने ती तिच्याकडे सरकवली. म्हणाले, ही कोणाला दाखवू नका, सोळाला घेऊन या. बाकी नावाचं म्हणाल तर घालू की, त्यात काय, सैनिक सगळे सारखेच. आठ तारखेचं प्रकरण मी आजच पुरं करतो. मात्र छापखान्याला आजच परवानगी गेली पाहिजे, नाहीतर पुस्तक सोळाला मिळायचं नाही.

त्यांनी एक कागद पुढे केला. ‘संपूर्ण मजकूर तपासला आहे. छापण्यास हरकत नाही.’ खाली रेघ.

रोहिणी म्हणाली, शेवटचं प्रकरण वाचून मग देते.

“अहो ताई, वेळ कुठे आहे? तुम्ही सही करून ठेवा. नाव मी घालतो.”

तिच्या कानाला ते ओळखीचं वाटलं. वाटलं, तरी तिने केली. ज्या बाईने न वाचता कधी वाढदिवसाचा बोर्डसुद्धा छापायला सोडला नाही, तिने. दादा रोज संध्याकाळी विचारत होते ना.

मग त्याही दिवशी, आणि पुढे रोज, तीन चाळीसला एक पान भरत गेलं. तोफा चालू असायच्या, ऊन असायचं, रस्त्यावर भाजीवाले ओरडत असायचे. काही गूढ दिसावं असं काहीच नव्हतं. ती पापणी मिटायची, किंवा कोणी हाक मारायचं, आणि शाई ओली दिसायची.

अकरा तारखेला: धुकं तसंच. सूर्य हलत नाही.

बाराला: इंधन कमी होत नाही.

हे ऐकून दादा पहिल्यांदा हसले. म्हणाले, काटा अडकला आसंल. मग हसू हळूहळू गेलं आणि ते आपल्या हातांकडे बघत बसले.

तेराला: रेडिओवर कोणी नाही.

चौदाला: बिघाड सहा वेळा लिहिला. सही होते, काम होत नाही.

या दिवसांत दादांचं काहीतरी बदललं. जेवायला लागले. रोज दाढी करायला लागले. एका सकाळी माझ्याकडे येऊन म्हणाले, धारदार चाकू दे गं. मी म्हटलं, या वयात कोणाचा गळा कापायचा विचार आहे? म्हणाले, रबर कापायचंय. जुन्या दुकानातून राहिलेली सायकलची ट्यूब त्यांनी उभी चिरली, आणि एक लांब सलग पट्टी काढली. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, कुठे दात नाही की खाच नाही.

पंधराला दुपारी छापलेलं पुस्तक आलं. जाड आर्ट पेपर, मुखपृष्ठावर निळं आकाश. रोहिणीने दुकानात उभ्या उभ्याच आठ डिसेंबर उघडलं.

‘या विमानाची जबाबदारी असलेला कॉर्पोरल के. भालेराव त्या वेळी जागेवर नव्हता. त्याने विमान न तपासता आगाऊ सह्या करून ठेवल्या होत्या. निष्काळजीपणाची ही एकमेव नोंद वगळता स्क्वाड्रनचा इतिहास निष्कलंक आहे.’

नाव घातलं होतं. शब्द एकही खोटा नव्हता. आणि शेवटच्या पानावर, तळाशी, ‘मजकूर तपासणी: रोहिणी भालेराव.’ शेजारी तिच्या सहीचा ठसा, कागदावरून उचलून जसाच्या तसा छापलेला.

तिने साहेबांना फोन केला. तो कोणी उचलला नाही. पुस्तक आणि वही पिशवीत घालून ती घरी आली. वाटेत आठव्या पानाकडे बघायलाही विसरली. घरी येऊन उघडलं, तर ते भरलेलं होतं. आगाऊ सहीचं शेवटचं पान. तिथे शेऱ्यात एवढंच होतं: सही आहे. माणूस कुठे आहे?

दादा दारात बसले होते. त्यांनी पिशवीतला नव्या शाईचा वास ओळखला.

“आलं? वाच.”

रोहिणी त्यांच्यासमोर पाटावर बसली. पुस्तक उघडलं. आणि आयुष्यात एकदाच खोटं बोलली. पानावर नसलेलं वाचत गेली. कॉर्पोरल कारभारी भालेराव यांनी कडाक्याच्या थंडीत दिवसरात्र विमानं सज्ज ठेवली. त्या दिवशी जे घडलं त्यात त्यांचा दोष नव्हता. स्क्वाड्रन त्यांची ऋणी आहे. आवाज कुठेही अडखळू दिला नाही. मी माझ्या दारातून ऐकत होते. मलाही खरं वाटलं.

दादांनी संपेपर्यंत ऐकलं.

“तपासून सही केलीस का तू?”

“हो, दादा.”

ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या डोळ्यांना किती दिसत होतं कोण जाणे.

“मंग बरंय,” म्हणाले, आणि आत जाऊन झोपले.

सोळा तारखेला ती समारंभाला गेली नाही. दुपारी दोनला दादांनी अंघोळ केली. विचारलं, आजचं पान कोरं हाय ना? तिने सांगितलं, हो. खालीबी? हो, खालीही. सही नाही.

“मंग जायला पायजे,” ते म्हणाले. “त्ये थांबलेत.”

रबराची पट्टी खांद्यावर टाकून, चाकू आणि पाना घेऊन ते चाळीच्या मागे निघाले. मागे मोकळं माळरान आहे, थोडी बाभळीची झुडपं, पलीकडे लष्कराचं तारेचं कुंपण. रोहिणी निघाली तर म्हणाले, तू हितंच थांब. तिने ऐकलं.

सव्वातीनला तोफा थांबल्या.

चाळीतली सगळी माणसं एकदा वर बघून आपापल्या कामाला लागली. रोहिणी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. तिला दादांचा आवाज आला. हिंदीत बोलत होते. हां साब. आधा हो गया साब. मग लोखंडावर ठोकल्याचा आवाज, बारीक, जपून.

खिडकीतून ते दिसत होते. दोन्ही हात डोक्याच्या वर, काहीतरी गोल कडेने दाबत नेत होते. पाय दिसत नव्हते, मध्ये बाभूळ होती. पण ती बाभूळ पुरुषभर उंच आहे. आणि दादा तिच्या वरून दिसत होते.

साडेतीनला ते परत आले. नखांत काळं रबर, अंगाला रॉकेलचा वास. दारातल्या खुर्चीत बसले, वही मांडीवर घेतली आणि पेन मागितलं.

सही केली. शेवटच्या अक्षराची शेपूट तेवढीच लांब.

“तपासून केली,” म्हणाले.

मग माळरानाच्या दिशेने त्यांनी अंगठा वर करून दाखवला, आणि तिला चहा टाकायला सांगितलं.

ती आत गेली. दूध वर येत होतं.

फळीवरची भांडी वाजायला लागली. एक एक करून, मग सगळी. पितळी डबा कडेपर्यंत सरकत आला. चाळीच्या पत्र्यावरून काहीतरी इतकं खालून गेलं की शेगडीची ज्योत आडवी झाली.

ती बाहेर धावली.

दादा खुर्चीत होते. मान मागे टेकलेली, तोंड आकाशाकडे. बघत असल्यासारखे.

तीन चाळीस झाले होते.

आम्ही सगळ्या जमलो. कोणी डॉक्टरला आणायला गेलं, कोणी रडायला लागलं. वही त्यांच्या मांडीवर तशीच. मग थोड्या वेळाने भांडी पुन्हा वाजली, या वेळी हलकी, उतरत्या आवाजाने, आणि थांबली. रोहिणीने वही उचलून बघितली. यायच्या वेळेच्या रकान्यात लिहिलेलं होतं, चार पंचवीस. शेऱ्यात काही नाही.

ओढेकर साहेब त्या वेळी गंगापूर रोडच्या हॉलमध्ये शाल पांघरून उभे होते. त्यांना काही झालं नाही. ते आजही रोज सकाळी फिरायला जातात. त्यांनी रोहिणीकडे फुलांचं चक्र पाठवलं, सोबत पुस्तकाच्या दोन प्रती. वही मात्र मागितली नाही. पुस्तक आता शाळांना वाटणार आहेत म्हणे, मुलांना प्रेरणा म्हणून. त्यात रोहिणीची सही आहे.

आता शपथ घेतली आहे, तर सांगून टाकते. यात मी एकच गोष्ट पदरची घातली. ते चार पंचवीस.

भांडी दुसऱ्यांदा वाजली नाहीत. आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच होतो, वाजली असती तर ऐकू आली असती. यायच्या वेळेचा रकाना कोराच आहे. दादा गेले तरी कोराच राहिला, आणि रोहिणी अजून रोज वही उघडून तो बघते. मला ते बघवेना. मागच्या महिन्यात ती पाणी भरायला गेली, तेव्हा मीच पेन्सिल घेऊन तो भरायला बसले. म्हटलं, तेवढंच पोरीला बरं वाटेल.

त्या रकान्यात पेन्सिल उमटत नाही. शेजारच्या रकान्यात उमटते. मी करून पाहिलं.